बुडी, बुडणं आणि बाप्तिस्मा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रेवदंड्याच्या पुलावर भरतीच्या वेळी उभं राहिलं की खाली कुंडलिकेचं रुंद मुख दिसतं. एका अंगाला माडांच्या आड रेवदंड्याच्या कोटाची पडकी तटबंदी, दुसऱ्या अंगाला समुद्रात घुसलेली कोर्लईची डोंगरसोंड. या खाडीत पाचशे वर्षांपूर्वी एक जहाज बुडालं. १५०८ सालचा मार्च महिना. इजिप्तच्या सुलतानानं पाठवलेलं अमीर हुसेनचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाजची गलबतं एकत्र येऊन चौलच्या बंदरात शिरली. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो तिथं नांगर टाकून होता. लढाईत त्याच्या जहाजाला पाण्याच्या पातळीखाली भोक पडलं, आणि बाहेर पडण्याच्या धडपडीत ते कोळ्यांनी जाळी लावण्यासाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकलं. मांडीत तोफेचा गोळा बसल्यावर लोरेन्सोनं स्वतःला डोलकाठीशी टेकवून घेतलं आणि तसाच लढत राहिला. दुसऱ्या गोळ्यानं त्याचा जीव घेतला. जहाज पाण्यानं भरत भरत तळाला गेलं. पुढच्या वर्षी बापानं दीवला या मरणाचा सूड उगवला, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतोच.

आज सांगायचंय ते त्या सूडाविषयी नाही. त्या काळाच्या दीड हजार वर्षं आधीचा एखादा ग्रीक खलाशी या खाडीच्या काठावर उभा असता, तर त्या जहाजाचं काय झालं हे सांगायला त्यानं एक साधं क्रियापद वापरलं असतं. 'बाप्तिझो'. जहाज 'बाप्तिझलं', म्हणजे बुडालं. याच क्रियापदापासून तयार झालेला 'बाप्तिस्मा' हा शब्द आपण मराठीत गेली दोनशे वर्षं वापरतो आहोत. बाप्तिस्मा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवळातलं दगडी पात्र येतं, पांढऱ्या कपड्यातलं तान्हं मूल येतं, धर्मगुरूच्या हातातलं ओंजळभर पाणी येतं. बुडणारं जहाज कोणाच्याही मनात येत नाही. या दोन चित्रांमधलं अंतर कसं पडलं, आणि मराठी माणसाला त्याच्याशी काय कर्तव्य आहे, एवढंच आज बघायचं आहे.

ग्रीक खलाशी चौलला कशाला येईल, असं कोणी विचारील. तो येत होताच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या सागरी वाटाड्या पुस्तकात कल्याणच्या दक्षिणेचं बंदर म्हणून 'सेमुल्ला' हे नाव आहे. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनं 'सिमुल्ला' असं लिहून वर सांगितलं आहे, की तिथली माणसं त्याला 'तिमूला' म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत 'चेमुला' येतं. हेच आपलं चौल. सहाव्या शतकाच्या मध्याला अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या लेखकानं पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांची यादी दिली, त्यात 'कल्लियाना'च्या जोडीला 'सिबोर' आहे, आणि सिबोर म्हणजे चौल असं बहुतेक अभ्यासक मानतात. कॉस्मस ख्रिस्ती होता आणि ग्रीक लिहीत होता. कल्याणला इराणातून नेमलेला बिशप आहे, हेही त्यानं नोंदवून ठेवलं. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या साडेनऊशे वर्षं आधी या किनाऱ्याची नावं नव्या कराराच्या भाषेत लिहिली गेली होती.

आता शब्दाकडे वळू. ग्रीकमध्ये दोन सख्खी क्रियापदं आहेत. धाकटं 'बाप्तो'. त्याचा अर्थ बुचकळणं, आणि त्यावरूनच रंगवणं. कापड रंगात बुचकळलं की ते रंगतं, म्हणून दोन्ही गोष्टींना एकच शब्द. रेशमी आणि सुती कापडासाठी नावाजलेल्या चौलमध्ये हा अर्थ फोड करून सांगायची गरज पडली नसती. इथल्या रेशमाची कीर्ती अशी, की सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलचे विणकर तिकडे नेले. नव्या करारातही 'बाप्तो' अशाच साध्या कामांना येतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू भाकरीचा तुकडा ताटात बुडवतो, तिथं हेच क्रियापद आहे. नरकात तळमळणारा श्रीमंत माणूस अब्राहामाला विनवतो, की लाजरस बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ ओली करील तर बरं. तिथंही हेच.

थोरलं क्रियापद 'बाप्तिझो'. यात नुसतं बुचकळून काढणं नाही, पाण्याखाली जाणं आहे, पाण्यानं गिळून टाकणं आहे. पॉलिबियस हा इतिहासकार आरमारी लढाईत बुडालेल्या जहाजांना हाच शब्द लावतो. योसेफस या यहुदी इतिहासकारानं आत्मचरित्रात आपलं जहाज एड्रियाटिक समुद्राच्या मध्यावर बुडाल्याची हकीकत दिली आहे. जहाजावर सहाशे माणसं होती, ती रात्रभर पोहली आणि ऐंशीच्या आसपास वाचली. तिथंही जहाज 'बाप्तिझलेलं' आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर खपणाऱ्या एका जुन्या ग्रंथात स्पेनच्या किनाऱ्यापलीकडच्या शेवाळानं भरलेल्या उथळ जागांचं वर्णन आहे. ओहोटीला त्या उघड्या पडतात, भरतीला 'बाप्तिझल्या' जातात. आपले कोळी ओहोटीला सुकती म्हणतात. भरतीत झाकणारे आणि सुकतीत डोकं वर काढणारे खडक कोर्लईच्या पायथ्याशीही आहेत.

पण गंमत पुढेच आहे. माणूस दारूत बुडतो, तेव्हाही ग्रीकांना हाच शब्द सुचतो. प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात आदल्या रात्री झिंगलेला ॲरिस्टोफेनिस म्हणतो, की कालच्या बुडालेल्यांपैकी मीही एक. प्लुटार्क हा चरित्रकार रोमन सरदार ओथोविषयी सांगतो, की तो पाच कोटींच्या कर्जात 'बाप्तिझलेला' होता. कर्जात बुडालेला! हे मराठीत सांगताना मला एक शब्दही बदलावा लागत नाही. इंग्रजीत या जागी भाषांतरकाराला जरा इकडेतिकडे बघावं लागतं. आपल्याकडे माणूस पाण्यात बुडतो, कर्जात बुडतो, दुःखात बुडतो, कामात बुडतो. बँक बुडते, दिवस बुडतो, कूळ बुडतं. ग्रीक 'बाप्तिझो'ची ही सगळी पोरंबाळं मराठी 'बुडणं'च्या घरात जशीच्या तशी नांदताना दिसतात. एवढा जवळचा शब्द हाताशी असताना मराठी बायबलनं तो का घेतला नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता.

त्याचं उत्तर शोधण्याआधी हा शब्द धर्माच्या प्रांतात कसा शिरला ते पाहू. ख्रिस्ताच्या आधी दोन-तीन शतकं अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणायला सुरुवात केली. त्यात नामान नावाच्या अरामी सेनापतीची गोष्ट आहे. त्याला कोड झालं. अलीशा संदेष्ट्यानं त्याला सांगून पाठवलं, की यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. सेनापती आधी रागावला, आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत, म्हणाला. मग नोकरांनी समजूत घातल्यावर नदीत उतरला आणि त्यानं सात बुड्या मारल्या. हिब्रूत 'ताबल' आहे, म्हणजे बुडी मारणं. ग्रीक भाषांतरकारांनी तिथं 'बाप्तिझो' घातलं. जहाजं बुडवणाऱ्या शब्दाला इथं पहिल्यांदा बरं होण्याचा, शुद्ध होण्याचा वास लागला. पण त्याच भाषांतरात, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात, अधर्म मला बुडवतो आहे अशा अर्थाच्या ओळीतही तोच शब्द आहे. जुना, भीतीचा अर्थ गेलेला नव्हता.

चौलचा विषय आहे म्हणून थोडं बाजूला जाऊन सांगतो. ही हिब्रू शास्त्रं या किनाऱ्याला परकी नाहीत. चौलच्या उत्तरेला, अलिबागपलीकडे नवगावच्या किनाऱ्याशी एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाब्यातली माणसं त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. रेवदंड्यात त्यांचं 'बेथ एल' हे सिनेगॉग आहे. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सननं १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, ते प्रामुख्यानं याच समाजासाठी. बुडालेल्या जहाजातून आपलं कूळ सुरू झालं असं सांगणाऱ्या लोकांच्या गावात बसून योसेफसचं जहाज आणि नामानच्या बुड्या वाचायला वेगळीच चव येते.

नामानच्या गोष्टीत एक बारकावा आहे. बुड्या तो स्वतः मारतो. यहुदी शुद्धिस्नानातही माणूस स्वतःच पाण्यात उतरतो. आपल्याकडेही तसंच. चौलच्या रामेश्वराच्या देवळासमोरच्या पुष्करणीत उतरणारा माणूस आपली बुडी आपणच मारणार. चौलला तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती असं गावकरी सांगतात. आकडा वर्षाच्या दिवसांवरून बेतलेला दिसतो, पण स्नानाला पाण्याची वाण नव्हती हे नक्की. पहिल्या शतकात यार्देनकाठी योहान नावाचा जो संदेष्टा उभा राहिला, त्याचं वेगळेपण असं की तो दुसऱ्यांना बुडवत होता. म्हणून लोकांनी त्याला नावच दिलं 'बाप्तिस्तेस', बुडवणारा. आपण होऊन बुडी मारणं आणि दुसऱ्याच्या हातानं पाण्याखाली जाणं यात मोठा फरक आहे. ज्यांनी लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना काकाच्या किंवा मोठ्या भावाच्या हातून पहिलं बुचकळणं खाल्लं आहे, त्यांना तो सांगायला नको. त्या क्षणी आपला जीव दुसऱ्याच्या हातात असतो.

नव्या करारात हा शब्द दोन्ही अर्थांनी येतो, आणि पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिथंच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात परूशी लोकांच्या सोवळ्याचं वर्णन करताना पेले, तांब्याची भांडी धुण्याला 'बाप्तिस्मोस' म्हटलं आहे. लूक सांगतो, की येशू जेवायला बसण्याआधी 'बाप्तिझला' नाही म्हणून यजमानाला नवल वाटलं. इथं मामला जेवणापूर्वीच्या धुण्याचाच असावा, त्यासाठी कोणी विहिरीत उडी मारत नाही. पण मार्काच्याच दहाव्या अध्यायात येशू आपल्या येऊ घातलेल्या मरणाला 'बाप्तिस्मा' म्हणतो. शेजारी मानाच्या जागा मागणाऱ्या दोन शिष्यांना तो विचारतो, की ज्यात मी बुडणार आहे त्यात बुडायची तुमची तयारी आहे का? तिथं 'स्नान' घालून पाहा. वाक्य मोडून पडतं. आणि पौल रोमकरांना लिहितो, की बाप्तिस्म्यानं आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. अंघोळीनं कोणी पुरलं जात नाही. बुडण्यानं जातं.

मग लॅटिनमध्ये हा शब्द आला. तिथं भाषांतराचे प्रयत्न झाले होते. आफ्रिकेतल्या तर्तुल्यन या लेखकानं बुचकळणं-रंगवणं या अर्थाचं लॅटिन क्रियापद वापरून पाहिलं होतं. पण रूढ झाला तो ग्रीक शब्दच, लॅटिन प्रत्यय लावून. जेरोमच्या बायबलनं त्यावर शिक्का मारला. लॅटिनमधून तो पोर्तुगीजांत गेला आणि पोर्तुगीजांबरोबर चौलला आला. बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनं १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. आत डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट यांचे मठ उभे राहिले. आज ज्याला सातखणी म्हणतात तो मनोरा फ्रान्सिस्कनांच्या मठाचा. या भिंतींच्या आत धर्मगुरू लॅटिनमध्ये जे म्हणत, त्यातलं क्रियापद होतं 'बाप्तिझो'. उच्चारातसुद्धा फरक नाही. समोर उभ्या असलेल्या कोकणी माणसाला त्यातलं किती कळत असेल? पाणी कळत असेल, शब्द नाही.

१७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांच्या हवाली केलं आणि ते निघून गेले. कोर्लईच्या पायथ्याचे ख्रिस्ती मात्र राहिले. हजाराच्या आसपास माणसं आजही घरात एक पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलतात, तिला ती 'नो लिंग', आमची भाषा, म्हणतात. क्लान्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. तट पडले, तोफा गंजल्या, सैन्य गेलं आणि क्रियापदं राहिली, असं कोर्लईत शिरताना नेहमी वाटतं.

इतर भारतीय भाषांनी काय केलं? केरळचे सिरियन ख्रिस्ती 'मामोदीसा' म्हणतात, तो सिरियाक शब्द. तमिळांनी आपला शब्द घडवला, 'ज्ञानस्नानम्'. ऐकायला सुंदर आहे, पण त्यात बुडण्याची भीती उरलेली नाही. मराठी कॅथलिकांमध्ये 'स्नानसंस्कार' रूढ आहे, आणि तो आपल्या कानाला चटकन आपला वाटतो, कारण सोळा संस्कारांच्या पंगतीत तो सहज बसतो.

एकोणिसाव्या शतकात याच शब्दावरून मोठं भांडण पेटलं. ते बंगालमध्ये सुरू झालं आणि लंडन, न्यूयॉर्कपर्यंत गेलं. श्रीरामपूरचे विल्यम कॅरी आणि त्यांचे सहकारी बाप्टिस्ट पंथाचे. या पंथाचं नावच या क्रियापदावरून पडलेलं. त्यांचा आग्रह असा, की बाप्तिस्मा जाणत्या माणसानं समजून घ्यायचा, आणि तो पूर्ण बुडवूनच द्यायचा. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडणं हा बाप्तिस्माच नव्हे. म्हणून भाषांतरात त्यांनी बुडण्याचा देशी शब्द घातला. पुढच्या पिढीतल्या यट्स आणि पीअर्स यांनी कलकत्त्याला बंगाली नवा करार सुधारून काढला, तेव्हा छपाईसाठी ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीकडे मदत मागितली. सोसायटीनं सांगितलं, मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवा, म्हणजे कोणत्याच पंथाचं मन दुखावणार नाही. ते बधले नाहीत. तेव्हा पैसे मिळाले नाहीत. ब्रह्मदेशात जडसननंही 'बुडवणे' असंच भाषांतर केलं होतं. १८३६ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीनंही तसाच ठराव केला. परिणाम असा, की अमेरिकेतल्या बाप्टिस्टांनी त्याच वर्षी वेगळी सोसायटी काढली, आणि इंग्लंडातल्यांनी १८४० मध्ये. एका क्रियापदापायी दोन खंडांत संस्था फुटल्या.

मला या भांडणात दोन्ही बाजू थोड्याथोड्या पटतात. कोश उघडला तर बाप्टिस्ट बरोबर. पण मार्कातले पेले आणि तांब्याची भांडी समोर ठेवली, तर विरुद्ध पक्षाकडेही बोलायला काही आहे. शिवाय सोसायटीचा तोडगा दिसतो तितका निरागस नव्हता. शब्द परभाषेत ठेवला की प्रत्येक पंथ आपल्याला हवा तो अर्थ त्यात ओततो. वाचकाला मात्र रिकामं भांडं मिळतं.

मुंबईत मराठीचं काम करणाऱ्या मिशनांपुढे हा पेच तितका तीव्र नव्हता. १८१३ मध्ये आलेले गॉर्डन हॉल आणि त्यांचे अमेरिकन सहकारी, नंतरचे स्कॉटिश आणि इंग्लिश मिशनरी, हे सगळे मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि पाणी शिंपडणं पुरेसं मानणारे. अमेरिकनांचा संपूर्ण मराठी नवा करार १८२६ मध्ये मुंबईत निघाला. मराठी बायबलात स्थिरावला तो 'बाप्तिस्मा' हाच शब्द. त्याचं शेपूट पाहण्यासारखं आहे. पोर्तुगीजांत शेवटी 'उ'कार ऐकू येतो, इंग्रजीत शेवट 'झम'वर होतो. आपला 'मा' सरळ ग्रीक 'बाप्तिस्मा' या नामाचा आहे. एवढा नितळ ग्रीक शब्द मराठीत फार थोडा असेल.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. पंथांचा वाद नसता, तर मराठीत 'बुडवणे' चाललं असतं का? मला वाटतं, नसतं. मराठीत 'बुडी' पवित्र आहे. गंगेत बुडी, गोदेत बुडी. 'बुडणं' हे दुर्दैव आहे. आणि 'बुडवणं' हा चक्क गुन्हा आहे. पैसे बुडवतात, शाळा बुडवतात, घराण्याचं नाव बुडवतात. 'योहान बुडव्या' असं कोणी छापलं असतं तर वाचणाऱ्यानं योहानाला कर्जबुडव्यांच्या रांगेत बसवलं असतं. बुचकळणं घ्यावं तर ते धुण्याचं, नाहीतर चहातल्या बिस्किटाचं. संस्कृतातलं अवगाहन पंडिती, मार्जन आणि प्रोक्षण म्हणजे शिंपडणं. शब्दांची एवढी श्रीमंती, आणि नेमका हवा तो एकही नाही.

पण ज्या घरांत ही गोष्ट प्रत्यक्ष घडली, तिथं मूळ अर्थ कोणी न सांगता समजला होता. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण मिशनऱ्यांकडचं अन्न पोटात गेलं होतं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. शहरातले शास्त्रीपंडित दोन तटांत विभागले. मुलगा कुठवर पाण्यात गेला आहे आणि त्याला अजून वर काढता येईल का, असाच तो वाद होता. बाप्तिस्मा झालेल्या थोरल्यासाठी तो प्रश्नच कोणी काढला नाही. तो गेलाच होता. पतिताचा घटस्फोट करताना घरची माणसं त्याच्या नावानं पाण्याचा घट रिकामा करत आणि जिवंतपणी त्याला मेलेल्यांत जमा करत. पौलानं पुरलं जाण्याची उपमा दिली, आणि इकडे आईबापांनी ती उपमा न वाचताच अक्षरशः पाळली. मिशनरी 'नवा जन्म' म्हणत होते. घरात सुतक होतं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला पाच वर्षांनी. मधल्या काळात नवरा जिवंत आणि संसार मात्र बुडालेला, अशा अवस्थेत त्या बाईनं काय सोसलं ते तिनं स्वतःच हसत-रडत लिहून ठेवलं आहे. त्या पुस्तकात ग्रीक कुठं नाही. तरीही 'बाप्तिस्मा' म्हणजे बुडणं हा अर्थ मराठीत कोणी लिहिला असेल, तर तो तिथं.

ग्रीक शिकून या शब्दाशी झुंजलेली मराठी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला, चर्चच्या रीतीनं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींना भीमेच्या पात्रात बुडवून बाप्तिस्मा दिला जाई. मराठी बायबलाच्या भाषेवर संस्कृत धर्मग्रंथांची छाया फार पडली आहे, आणि अडाणी बाईला ती कळत नाही, ही रमाबाईंची तक्रार होती. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतराला बसल्या. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायका करत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याआधी थोडेच दिवस भाषांतर हातावेगळं झालं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एकट्या बाईनं संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून आणल्याचं दुसरं उदाहरण मराठीत नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला त्याच १८८३ साली इस्तंबूलमध्ये एक छोटं ग्रीक पुस्तक छापलं गेलं. तिथल्या एका मठाच्या ग्रंथसंग्रहात फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना दहा वर्षांपूर्वी ते हस्तलिखित सापडलं होतं. 'दिदाखे', म्हणजे शिकवण, हे त्याचं नाव. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेले साधे नियम त्यात आहेत. बाप्तिस्म्याविषयी ते सांगतं, की तो वाहत्या पाण्यात द्यावा. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. आणि दोन्ही पुरेसं नसेल, तर डोक्यावर तीन वेळा पाणी ओतावं. कलकत्त्यात ज्यावरून सोसायट्या फुटल्या, त्याचा निकाल असा पाण्याच्या सोयीवर लागलेला होता. कॅरी आणि त्यांचे विरोधक, सगळे तोवर जग सोडून गेले होते.

कोर्लईच्या वाटेवर पूल ओलांडताना अजूनही खाली खाडीत जाळ्यांचे खुंट दिसतात. भरतीला त्यांची फक्त टोकं पाण्यावर राहतात.